ठेका कुणाचा? – एक ध्वनिशोध

यवतमाळच्या एखाद्या गावात पोळ्याला डफडे वाजते आहे. वाजवणारा दिसत नाही. तरी जाणकार म्हातारा दुरूनच सांगतो, ‘हा अमक्याचा हात!’ ठेका तोच असताना हात कसा ओळखला जातो?

‘हिप-हॉप’ या अमेरिकन संगीतप्रकारातही हाच प्रश्न येतो. जुन्या तबकडीचा एखादा तुकडा उचलून त्यावर नवे गाणे रचतात. यालाच ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. संगीतकार बप्पी लाहिरी यांच्या ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटात लता मंगेशकरांनी ‘थोडा रेशम लगता है’ हे गीत गायिले. २००२ साली ‘ट्रूथ हर्ट्स’ या अमेरिकन गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ या गाण्यात त्याचाच तुकडा आला. येथे लताबाईंच्या आवाजामुळे मूळ चटकन ओळखू आले. पण तुकडा नुसत्या ढोलाचा असेल आणि त्याची गती बदललेली असेल, तर?

समजा, वादकाने चार ठोके मारले. त्यांमधील तीन अंतरे अगदी सारखी हवीत. पण माणूस म्हणजे घड्याळ नव्हे. प्रत्यक्षात ती ०.५०, ०.४५ आणि ०.५५ सेकंद भरली. आता तबकडी सव्वापट वेगाने फिरवली. प्रत्येक अंतराला १.२५ ने भागा. उत्तरे ०.४०, ०.३६ आणि ०.४४ येतील. अंतरे बदलली, पण गुणोत्तर १० : ९ : ११ हेच राहिले! दुसऱ्या वादकाने तोच ठेका वाजवला, तर त्याच्या चुका वेगळ्या पडतात. म्हणून अशा अनेक ठोक्यांचे गुणोत्तर म्हणजे जणू वादकाच्या बोटाचा ठसाच होय.

वेगाबरोबर कंपनसंख्याही सव्वापट होते. २४० कंपनांचा ‘सा’ ३०० कंपनांवर, म्हणजे शुद्ध गंधारावर जातो. आज संगणकाने स्वर न बदलता गती बदलता येते. तरीही अंतरांचे गुणोत्तर टिकून राहते. मात्र तुकडा कापून ठोक्यांचा क्रमच बदलला असेल, तर प्रत्येक ठोक्याचा नाद स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

हा शोध कशासाठी? १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी सुमारे ७ सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. पण २००६ साली कोलमन वारले, तोपर्यंत त्यांना त्याचा मोबदला मिळाला नव्हता. याउलट ‘ॲडिक्टिव्ह’चे प्रकरण न्यायालयात गेले. लाहिरींचे नाव दिल्याशिवाय तबकडी विकू नये, असा आदेश २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. मूळ ओळखता आले, तरच श्रेय मागता येते.

करून पाहा : दोन मित्रांना बाकावर एकच ठेका प्रत्येकी दोनदा वाजवायला सांगा. मोबाइलवर मुद्रण करून शाळेच्या संगणकावर ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीत लहरी पाहा. ठोक्यांमधील अंतरे मोजून गुणोत्तरे काढा. एकाच मित्राची दोन्ही वादने तंतोतंत जुळतात का? आता एक मुद्रण सव्वापट वेगाने वाजवून पुन्हा मोजा. नक्कल आणि पुनर्वादन यांतील फरक तुम्हाला आकड्यांतच दिसेल.