आकाशातली शर्यत

बैलगाड्यांची शर्यत आपण सर्वांनी पाहिली आहे. दुसऱ्याच्या गाडीचे चाक निखळले, तर आपली गाडी थांबवून त्याला हात कोण देतो? असा हात देणाऱ्या एका माणसाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. ही शर्यत मात्र विमानांची होती.

साल होते १९३०. त्या काळी बरीच विमाने लहान असत. लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. इंजिन एकच. बसायची जागा उघडी. ऊन, वारा, पाऊस सगळे अंगावर घ्यायचे. वाटेत पुन्हा पुन्हा उतरून पेट्रोल भरावे लागे.

अशा वेळी आगाखान यांनी बक्षीस लावले. इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास जो हिंदी माणूस एकट्याने विमानातून सर्वांत आधी करील, त्याला ५०० पौंड. इकडून तिकडे गेले तरी चालेल, तिकडून इकडे आले तरी चालेल.

जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. कराची तेव्हा हिंदुस्थानात होती. टाटांचे वय होते २५. अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून निघाले. ते तर अवघे १७ वर्षांचे!

वाटेत इजिप्त देशात अबुकीर येथे टाटा उतरले. पाहतात तो काय, अस्पी तेथेच अडकलेले. त्यांना इंजिनासाठी प्लग हवा होता. प्लग हा छोटासा भाग. पण तो इंजिनात ठिणगी पाडतो. ठिणगी नाही, तर पेट्रोल पेटत नाही. मग विमान उडणार कसे?

टाटांजवळ जादा प्लग होता. ते गप्प बसून पुढे गेले असते, तर कोण काय म्हणणार होते? शिवाय त्यांना पुढे समुद्र ओलांडायचा होता. आपलाच प्लग बिघडला तर? तरीही टाटांनी प्लग काढून दिला.

अस्पी कराचीला आधी पोचले. टाटा काही तासांनी लंडनला पोचले. बक्षीस अस्पींना मिळाले.

पुढे १९३२ साली टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान स्वतः चालवत आणले. त्या कामातूनच एअर इंडिया उभी राहिली. अस्पी १९६० साली भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

टाटा शर्यत हरले. पण ती शर्यत आज आठवते, ती त्यांनी दिलेल्या प्लगमुळे. शेजाऱ्याचे काम अडले की आपणही ही गोष्ट आठवू या.

सांगा पाहू :
१. प्लगचे काम काय?
२. प्लग देण्यात टाटांना कोणता धोका होता?
३. तुम्ही टाटांच्या जागी असता, तर काय केले असते?