जुन्या चित्रपटांचा आधार

गेल्या सत्रांत आमच्या वक्तृत्व मंडळापुढें एक मौजेचा विषय वादासाठीं आला होता. अमेरिकेंत ज्यांस थीम पार्क म्हणतात, त्या करमणुकीच्या उद्यानांतील सफरी जुन्या चित्रपटांवर आधारलेल्या असाव्या कीं नसाव्या, असा तो विषय. अनुकूल पक्षाच्या वक्त्यानें ‘जुनें तें सोनें’ या म्हणीचा तीन वेळां उच्चार केला. प्रतिकूल पक्षाचा वक्ता म्हणाला कीं, जो चित्रपट आजच्या मुलांनीं पाहिलाच नाहीं, त्याची सफर त्यांस कशी रुचणार? टाळ्या दोघांसही मिळाल्या. परंतु घरीं परत जातांना मला असें वाटूं लागलें कीं, दोन्ही पक्षांनीं चित्रपटाचें वय मोजण्यांतच वेळ दवडला, आणि सफर ही मुळांत काय वस्तु आहे हा प्रश्न बाजूसच राहिला. त्याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्याकडील जत्रेंतला पाळणा वर जातो आणि खालीं येतो. पोटांत गोळा उठतो, मुलें ओरडतात, मौज होते आणि संपते. पाळण्यास कथा नसते. सफरीचें तसें नाहीं. तींत मनुष्य गाडींत किंवा होडींत बसतो आणि ती त्यास एका रचलेल्या जगांतून फिरवून आणते. तेथील भिंती रंगविलेल्या, पुतळे यंत्रानें हालणारे, आणि वारा, धुकें, वास, आवाज हे सर्व कारागिरांनीं मुद्दाम निर्माण केलेले असतात. शरीरास पाळण्याचा अनुभव आणि मनास कथेचा अनुभव, असे दोन्ही एकाच वेळीं द्यावयाचे, आणि तेहि बहुधा चार-पांच मिनिटांत! एवढ्या थोड्या अवधींत नवी कथा सांगणें फार कठीण; म्हणून लोकांस आधींच ठाऊक असलेली कथा घ्यावी, हा मोह साहजिक आहे. शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. अशी एक सफर उभारण्यास कित्येक वर्षें लागतात व द्रव्य अपार खर्च होतें. तेव्हां सर्वतोमुखीं झालेलें नांव घेणें मालकांस कमी धोक्याचें वाटतें.

हा मोह कांहीं आजकालचा नव्हे. कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें १७ जुलै १९५५ रोजीं वॉल्ट डिस्ने यांनीं ‘डिस्नेलँड’ उघडलें. त्याच वर्षीं तेथें त्यांच्या स्वतःच्या चित्रपटांवरून घेतलेल्या सफरी होत्या. पैकीं हिमगौरी व सात बुटक्यांचा चित्रपट १९३७ सालचा, म्हणजे त्या वेळींच अठरा वर्षांचा जुना होता. मिस्टर टोड या मोटारवेड्या बेडकाची सफर १९४९ च्या चित्रपटावरची, आणि पीटर पॅनची सफर १९५३ च्या चित्रपटावरची होती. या सफरींच्या रचनेंत एक गोष्ट अशी होती कीं, ती मला या सर्व वादाची किल्लीच वाटते.

हिमगौरीच्या सफरींत हिमगौरी नव्हती! दुष्ट राणी होती, भेसूर झाडें होतीं, बुटके होते. पण जिच्या नांवाची सफर तीच कोठें दिसेना. कारण असें कीं, गाडींत बसलेल्या प्रवाशानेंच हिमगौरी व्हावें, रानांतून त्यानेंच पळावें, विषारी फळ त्याच्याच पुढें यावें, अशी रचनाकारांची कल्पना होती. पीटर पॅनच्या सफरींतहि तसेंच. लंडनच्या दिव्यांवरून रात्रीं उडणारा तो मुलगा म्हणजे आपण स्वतः. कल्पना मोठी सुंदर होती, परंतु ती बहुतेकांच्या ध्यानांत आली नाहीं. लोक बाहेर येऊन विचारूं लागले, ‘हिमगौरी कोठें आहे?’ अखेर १९८३ सालीं या सफरींची पुनर्रचना झाली तेव्हां तीं पात्रें आंत आणून बसविण्यांत आलीं. लोकांची तक्रार मिटली खरी. तथापि प्रवासी त्या दिवसापासून नायकाचा प्रेक्षक झाला, आणि माझ्या मतें त्यांत कांहीं तरी गमावलें गेलें.

मिस्टर टोडच्या सफरीचा शेवट तर त्याहून विलक्षण. भरधांव मोटार न्यायालयांतून निघते, आगगाडीवर आदळते आणि प्रवासी थेट नरकांत जातो. तेथें लहान लहान सैतान त्याचें स्वागत करतात. मूळ चित्रपटांत हा नरक नाहींच. १९४९ चा तो चित्रपट आज किती मुलांनीं पाहिला असेल? तरी कॅलिफोर्नियांतील ही सफर सत्तर वर्षें चालू आहे. फ्लॉरिडांतील तिची जुळी बहीण मात्र, चाहत्यांनीं फलक हातीं घेऊन विरोध केला असतांहि, १९९८ सालीं बंद झाली.

याच्या उलट एक उदाहरण पाहूं. फ्लॉरिडांतच डिस्ने कंपनीच्या दुसऱ्या एका उद्यानांत १९८९ सालीं ‘द ग्रेट मूव्ही राइड’ नांवाची सफर सुरू झाली. हॉलीवूडच्या प्रसिद्ध चिनी नाट्यगृहासारखें तिचें महाद्वार होतें, आणि आंत ‘कॅसाब्लँका’, ‘सिंगिंग इन द रेन’, ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ अशा नामांकित चित्रपटांतील प्रसंग पुतळ्यांच्या रूपानें मांडले होते. मधून मधून दरोडेखोर येऊन गाडी पळवीत, तेवढा वेळ प्रवासी जागा होई. एरव्हीं गाडी एकेका प्रसंगापुढून जाई आणि प्रवाशानें तो ओळखावयाचा. ज्यानें तो चित्रपट तरुणपणीं पाहिला असेल त्याचा ऊर भरून येई. शेजारीं बसलेल्या नातवास मात्र एक मनुष्य दिव्याच्या खांबास धरून उभा आहे, एवढेंच दिसे. १३ ऑगस्ट २०१७ रोजीं ती बंद झाली. चित्रपट वाईट होते म्हणून ती गेली, असें कोण म्हणेल? ती प्रवाशाजवळ आठवण मागत होती, आणि ज्याच्याजवळ आठवण नाहीं त्यास देण्यासारखें तिच्याजवळ फार थोडें होतें.

म्हणून माझें म्हणणें असें आहे कीं, चित्रपट जुना आहे कीं नवा हें विचारूं नये. ज्यानें तो पाहिलाच नाहीं अशा मुलास त्या सफरींत काय मिळतें, तें विचारावें. समुद्रावर होडी हेलकावत आहे आणि पाण्याखालून कांहीं तरी मोठें येत आहे, हें भय समजण्यास १९७५ चा ‘जॉज’ पाहिलेला असावा लागत नाहीं. ‘युनिव्हर्सल’ कंपनीच्या फ्लॉरिडांतील उद्यानांत त्या शार्क माशाची सफर १९९० सालीं सुरू झाली. यंत्रांनीं फार त्रास दिल्यामुळें ती बंद ठेवून पुन्हां बांधावी लागली, आणि १९९३ पासून पुढें ती जी चालली ती २ जानेवारी २०१२ पर्यंत. (खुद्द चित्रपटाच्या चित्रणाच्या वेळींहि यांत्रिक माशानें दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांस असेंच रडविलें होतें; तेव्हां ही खोड वंशपरंपरेची म्हणावयाची!) तिच्या जागीं २०१४ सालीं हॅरी पॉटरच्या कथेंतील ‘डायगॉन ॲली’ ही गल्ली उभी राहिली. चांगल्या सफरीसहि अभय नसतें, हें यावरून दिसेल.

त्याच उद्यानांत १९९० पासूनच असलेली ‘ई. टी.’ ची सफर मात्र टिकली आहे. चित्रपट १९८२ चा. प्रवासी आंत शिरतांना आपलें नांव सांगतो. मग देवदारांचा वास येणाऱ्या रानांतून सायकलीवर बसल्याप्रमाणें उडत जातो. आणि शेवटीं तो परग्रहवासी जीव त्याचें नांव घेऊन त्याचा निरोप घेतो. आपलें नांव ऐकून हर्ष न होणारें मूल मला तरी ठाऊक नाहीं.

आणखी एक चमत्कार सांगतों. १९९५ सालीं ‘वॉटरवर्ल्ड’ हा चित्रपट अफाट खर्च करून निघाला, आणि मालकांच्या अपेक्षेच्या मानानें फिका पडला. त्याच वर्षीं हॉलीवूडच्या युनिव्हर्सल उद्यानांत त्यावरून पाण्यांतील साहसांचा एक खेळ सुरू झाला. चित्रपट लोक विसरले. खेळ तीस वर्षें होऊन गेलीं तरी चालूच राहिला. अपयशी बापाच्या पोटीं कर्तबगार पुत्र निपजावा, तसें हें झालें.

येथपर्यंत सर्व सोपें आहे. परंतु एक उदाहरण असें आहे कीं, तें माझ्या मतास बळकटी देतें आणि त्याच वेळीं मला अडचणींतहि टाकतें. १९८९ सालीं डिस्नेलँडमध्यें ‘स्प्लॅश माउंटन’ नांवाची पाण्याची सफर सुरू झाली. पुढें फ्लॉरिडांत व टोकियोंतहि तशाच झाल्या. ओंडक्याच्या होडींतून गात्या प्राण्यांमधून जावयाचें आणि शेवटीं सुमारें ५० फूट उंचीवरून धो धो खालीं यावयाचें. आधार होता १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटाचा. त्यांतील धूर्त सशाच्या गोष्टी मूळच्या अमेरिकेंतील गुलाम काळ्या लोकांच्या तोंडच्या. सिंहास विहिरींत उडी मारावयास लावणारा आपल्या पंचतंत्रांतला ससा त्याचा सख्खा भाऊ शोभेल; दुर्बळानें बलवानास बुद्धीनें फसवावें, यांतील समाधान गुलामास किती वाटत असेल तें सांगावयास नको. परंतु चित्रपटानें त्या गोष्टी सांगतांना दक्षिणेकडील मळ्यांवरचें काळ्या लोकांचें जिणें असें गोड व सुखाचें रंगविलें, कीं तें सत्याचा विपर्यासच होय. तो निघाला तेव्हांहि त्याविरुद्ध निषेध झाला होता, आणि कंपनीनें अमेरिकेंत तो घरगुती चित्रफितीच्या रूपानें कधींच विकला नाहीं.

म्हणजे पाहा, चित्रपट कपाटांत बंद आणि त्याची सफर मात्र तीस वर्षांहून अधिक काळ लोकप्रिय! सफर चित्रपटाच्या स्मृतीवर जगत नाहीं, याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण दुसरी बाजू अशी कीं, ज्या वस्तूस घरांत आणावयास मालक लाजतो तिच्यावर अंगणांत हौद बांधून पैसे घ्यावे, हें काय सरळ म्हणावें? होडींतून ओरडत खालीं येणाऱ्या मुलास यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें, हें खरें. परंतु त्याच होडींत ज्यांच्या पणज्या त्या मळ्यांवर राबल्या अशींहि कुटुंबें बसत होतीं, आणि त्यांस तें ठाऊक होतें. कंपनीनें २०२० सालीं बदल जाहीर केला. २०२३ सालीं अमेरिकेंतील दोन्ही सफरी बंद झाल्या, आणि २०२४ सालीं त्याच डोंगरावर टियाना या काळ्या राजकन्येची सफर सुरू झाली. तिचा चित्रपट २००९ चा. पाणी तेंच, उडी तीच. जुनी सफर गेली म्हणून पुष्कळांस वाईट वाटलें व त्यांचें दुःख मला खोटें वाटत नाहीं. बालपणीं बापाच्या मांडीस घट्ट धरून जेथें डोळे मिटले, ती जागा मनुष्य सहजासहजीं विसरत नाहीं. तरी बदल योग्यच झाला, असेंच मी म्हणेन.

आतां अगदीं जुन्याकडे वळूं. ऑरलँडो येथें २२ मे २०२५ रोजीं युनिव्हर्सल कंपनीनें ‘एपिक युनिव्हर्स’ नांवाचें नवें उद्यान उघडलें. त्यांतील एक भाग ‘फ्रँकेन्स्टाइन’ व ‘ड्रॅक्युला’ या १९३१ च्या चित्रपटांतील राक्षसांस दिला आहे. म्हणजे नवीन उद्यानास चौऱ्याण्णव वर्षांचा आधार! आमच्या वादसभेंत हें कोणी सांगितलें असतें तर अनुकूल पक्ष खचित जिंकला असता. परंतु जरा विचार करा. चौकोनी कपाळाचा, मानेंत खिळे असलेला तो राक्षस ज्यानें चित्रपट पाहिला नाहीं तोहि ओळखतो. इतका काळ गेल्यावर तो चित्रपटाचा राहिला नसून आपल्याकडील वेताळासारखा सर्वांचा झाला आहे. शिवाय रचनाकारांनीं जुनी कथा जशीच्या तशी न मांडतां व्हिक्टोरिया फ्रँकेन्स्टाइन नांवाची एक नवी वंशज निर्माण केली आणि प्रवाशास तिच्या प्रयोगशाळेंत नेलें. यांतच त्यांचें शहाणपण आहे.

तथापि एक चिंता उरतेच, आणि ती जुन्या-नव्याच्या वादाबाहेरची आहे. डिस्नेलँडमधील कॅरिबियन समुद्रांतील चांच्यांची सफर १९६७ सालीं उघडली, आणि तिच्यामागें कोणताहि चित्रपट नव्हता. तिच्यावरून चित्रपट निघाला तो २००३ सालीं, म्हणजे छत्तीस वर्षांनंतर. तो इतका गाजला कीं, २००६ सालीं त्याचा नायक जॅक स्पॅरो याचे पुतळे उलट त्या सफरींत नेऊन उभे केले. बाप कोण आणि मुलगा कोण हें आतां नव्या प्रवाशास कळणें कठीण. निद्रिस्त राजकन्येचा किल्ला तर १९५५ सालींच उभा होता आणि तिचा चित्रपट १९५९ सालीं आला. त्या काळचे कारागीर चित्रपटाची वाट पाहत बसले नाहींत. आज प्रत्येक सफरीस आधीं एक चित्रपट दाखवा असें मालक म्हणूं लागले, तर पुढच्या पिढीचे चांचे येणार कोठून? जुन्याचा आधार घेण्यास माझी हरकत नाहीं. आधाराशिवाय उभें राहण्याची संवय मोडूं नये, एवढीच भीति वाटते.

हा विषय केवळ सातासमुद्रांपलीकडचा आहे असें मात्र समजूं नये. खोपोलीजवळ २०१३ सालीं जें ‘इमॅजिका’ उद्यान उघडलें, त्यांत १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटावरून केलेली एक सफर होती. आमच्या मंडळांतील आठवीच्या एका विद्यार्थ्यानें ती केली होती, आणि वादाच्या दिवशीं तो मागच्या बाकावर मुकाट बसला होता. सभा संपल्यावर मीं त्यास विचारलें, तेव्हां तो म्हणाला कीं, रांगेंत उभे असतां वडिलांनीं मोगँबोची सारी हकीकत त्यास सांगितली, मोगँबोच्या आवाजांत बोलूनहि दाखविलें, आणि आजूबाजूचे लोक हंसूं लागले तेव्हां त्यास फार लाज वाटली. सफर कशी झाली असें विचारतां, ‘आसनें फार हालतात,’ एवढेंच तो म्हणाला. मग थोडें थांबून त्यानें सांगितलें कीं, घरीं गेल्यावर त्याच रात्रीं दोघांनीं बसून तो चित्रपट पाहिला.