आधी वारा, मग पाणी

‘कूलर’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रे येतात. मी अकोल्याचा. आमच्याकडे होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि त्याला वाळ्याच्या नवीन ताट्या बसतात. त्यात पाण्याची वाफ होते, वाफ होताना पाणी हवेतली उष्णता घेते, म्हणून खोलीत येणारी हवा बाहेरच्यापेक्षा गार लागते. कॉम्प्युटरचा वॉटर कूलर असे काही करत नाही. त्याचे पाणी बंद नळ्यांतून फिरते, प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेते, आणि तिथले पंखे ती उष्णता हवेत सोडतात. वाफ नाही, म्हणून तसा गारवाही नाही. खोलीत ३८ अंश असतील तर ते पाणी ३८ च्या खाली जाणार नाही. आमची शाळा राजस्थानात आहे, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला विसरून चालत नाही.

हा विषय निघाला तो क्लबच्या कॉम्प्युटरमुळे. वार्षिक समारंभाची फिल्म त्याच्यावरच तयार होते. एप्रिलपासून फिल्म एक्स्पोर्टला लावली की तो अर्ध्या वाटेत संथ व्हायचा, दोनदा तर बंदच पडला. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, त्यातलाच हा प्रकार. क्लबच्या निधीतून वॉटर कूलर घ्यावा असे बहुतेकांचे मत पडले. फिजिक्सच्या सरांनी मात्र अट घातली, “आधी हवेचा आराखडा दाखवा.” ते काम माझ्याकडे आले.

सुरुवात गणिताने केली. कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. आमचा कॉम्प्युटर कामात असताना सुमारे ३०० वॅट घेतो, म्हणजे दर सेकंदाला ३०० ज्यूल उष्णता कॅबिनेटबाहेर जायला हवी. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण १००० ज्यूल लागतात. आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांनीच तापावी असे ठरवले, तर सेकंदाला ०.०३ किलो, म्हणजे सुमारे २६ लिटर हवा खेळती हवी. पंख्याच्या खोक्यावर हाच आकडा सीएफएममध्ये असतो. २६ लिटर म्हणजे साधारण ५५ सीएफएम. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि फिल्टर आडवे आले की तो बराच खाली येतो, म्हणून हिशेब सैल हाताने धरावा.

आता खरी गंमत. पाणी आणले म्हणून हे ३०० वॅट कमी होतात का? मुळीच नाही. रेडिएटर कॅबिनेटलाच बसतो, तेव्हा तेवढीच हवा पुन्हा लागतेच. उलट एक नुकसान होते. प्रोसेसरवरचा साधा पंखा शेजारच्या रॅमवर आणि मदरबोर्डच्या वीजपुरवठ्याच्या भागांवरही वारा घालतो. तो काढून तिथे पाण्याचा पंप बसला की हा फुकटचा वारा बंद. तेव्हा कॅबिनेटचे पंखे आधीपेक्षा चांगले हवेत.

मग कॅबिनेट उघडले. मागे बाहेर फेकणारा एक पंखा, पुढच्या दोन्ही जागा रिकाम्या, मध्ये वायरींचा गुंता, आणि पाठ भिंतीला टेकलेली. अकोल्यात कोणतीही आजी सांगेल की समोरची खिडकी किलकिली ठेवल्याशिवाय कूलर काम करत नाही. इथे तर खिडकीच बंद होती! टेबल वीतभर पुढे ओढले, वायरी मागच्या पत्र्याआड बांधल्या, पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आत ओढणारे लावले. पंख्याची दिशा ओळखायची खूण सोपी आहे: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली. त्यामुळे आतला दाब किंचित वाढतो आणि फटींतून हवा बाहेरच पडते. उलट केले तर प्रत्येक फट धूळ ओढते, आणि इथल्या आंधीत ती धूळ पिठासारखी बारीक असते. एका कॅडेटने उदबत्ती धरून फटीफटीपाशी धूर कुठे वळतो ते पाहिले. फिल्टर दर रविवारी झटकायचे ठरले आहे.

त्याच फिल्मचे एक्स्पोर्ट पुन्हा लावले. खोलीत ३६ अंश असताना प्रोसेसर ८५ च्या पुढे गेला नाही आणि फिल्म पूर्ण झाली. खर्च फक्त दोन पंख्यांचा. (घरी वॉटर कूलरचा हट्ट चालू असेल, तर पालकांनी आधी कॅबिनेट भिंतीपासून किती दूर आहे ते पाहावे.)

तरी पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे सगळेच चूक नाही. पुढे जास्त वॅटचा प्रोसेसर आला तर मोठा रेडिएटर उपयोगी पडेल, म्हणून त्याची जागा आत्ताच मोजून ठेवली. रेडिएटर २७ आणि पंखा २५, मिळून ५२ मिलिमीटर लागतात. छपराखाली मदरबोर्डपर्यंत ४० च भरतात, म्हणजे छप्पर बाद. पुढच्या बाजूला ग्राफिक्स कार्डापर्यंत ७० आहेत, तिथे बसेल. पण मग रेडिएटरने तापलेली हवा थेट कार्डावर जाईल, आणि फिल्मचे निम्मे काम कार्डच करते. शिवाय रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच राहायला हवे, नाहीतर नळ्यांतला हवेचा बुडबुडा पंपात जमून खडखड करतो. आमच्या कॅबिनेटमध्ये ते टोक पंपाच्या वर चार बोटे येते.