आजचं चिंतन : भागवत, स्कंध ८, अध्याय २३ – पहारा कोणाचा?



काल आपण बळीराजापाशी थांबलो होतो. दोन पावलांत सगळं गेलं, तिसऱ्यासाठी त्याने स्वतःचं डोकं पुढे केलं. आजचा अध्याय त्यानंतरचा. तो वाचताना बहुतेकांचं लक्ष बळीकडे आणि वामनाकडे असतं. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आया बळीचंच राज्य मागतात, तेव्हा ते साहजिक आहे. पण आज मला त्याच्या आजोबांबद्दल लिहायचंय.

बळीचे आजोबा म्हणजे प्रल्हाद. आपल्या डोक्यात प्रल्हाद कायम पाच वर्षांचाच असतो, खांबासमोर हात जोडून उभा. तो मोठा झाला, त्याला मुलगा झाला, नातू झाला, हे आपण विसरूनच जातो. त्याचा मुलगा विरोचन. ब्राह्मणाच्या वेषात आलेल्या देवांनी आयुष्य मागितलं, आणि हे देव आहेत हे ओळखूनही विरोचनाने ते देऊन टाकलं. हे खुद्द वामनच बळीला सांगतो, एकोणिसाव्या अध्यायात. म्हणजे बळीच्या गोष्टीत मधली पिढी नाहीच. आजोबा आहेत आणि नातू आहे.

हे आजोबा दोनदा येतात. आधी पंधराव्या अध्यायात, एका ओळीपुरते. बळी यज्ञ करून स्वर्गावर चाल करायला निघतो, तेव्हा शुक्राचार्य त्याला शंख देतात आणि आजोबा देतात कधीही न कोमेजणाऱ्या फुलांची माळ. त्या जागी उपदेश काही नाही, नुसती माळ.

दुसऱ्यांदा येतात ते बाविसाव्या अध्यायात. बळी वरुणाच्या पाशांनी बांधलेला आहे आणि बोलता बोलता आजोबांचीच आठवण काढतोय. तेवढ्यात आजोबा समोर, पौर्णिमेचा चंद्र उगवावा तसे. नेहमीसारखी त्यांची पूजा करायला बळीचे हात मोकळे नाहीत. डोळे भरून येतात, मान खाली जाते, लाज वाटते. आजोबा त्याला ‘सांगितलं होतं ना’ म्हणत नाहीत. देवापाशी ‘सोडा हो माझ्या नातवाला’ अशी रदबदलीही करत नाहीत. ते देवाला म्हणतात, इंद्रपद तूच दिलंस, तूच काढून घेतलंस, ही त्याच्यावर कृपाच झाली.

आता आजचे श्लोक, नववा आणि दहावा. बळी सुटलाय, आपल्या माणसांना घेऊन सुतलात गेलाय. देव प्रल्हादाला ‘बाळ’ म्हणून हाक मारतो (आजोबा झालेल्या माणसाला!) आणि सांगतो की तूही सुतलात जा, नातवाबरोबर आनंदात राहा, आपल्या माणसांना सुख दे. आणि तिथे मी तुला रोज दिसेन, हातात गदा घेऊन उभा.

मी हे बऱ्याचदा वाचलंय. देव भक्ताच्या दारात राखणदार झाला, केवढी ही कृपा, इथे थांबायचो आणि पुस्तक मिटायचो. मागच्या उन्हाळ्यात एक साधी गोष्ट लक्षात आली. इथे कामाची वाटणी झालेली आहे. आजोबांना काय सांगितलंय? राहा, आनंदात राहा. गदा कोणाच्या हातात आहे? देवाच्या. नातवाची राखण करायला प्रल्हादाला पाठवलेलं नाही. राखणीची व्यवस्था आधीच झाली आहे, बळीला तसा शब्द बाविसाव्या अध्यायातच दिलाय. आजोबा फक्त सोबतीला आलेत.

हे लक्षात येण्याचं कारण माझी आई.

मागच्या वर्षी आम्ही आमच्या सहा वर्षांच्या लेकीला अख्खी सुट्टी वाईजवळच्या आमच्या गावी ठेवलं. एप्रिलच्या शेवटापासून १४ जूनपर्यंत. पाळणाघर सुट्टीत पूर्ण दिवसाचे जास्त पैसे मागत होतं, आम्हा दोघांच्याही प्रोजेक्टचं रिलीज होतं, आणि ‘आजी-आजोबांचा सहवास मिळेल’ हे वाक्य तयारच होतं. ते वाक्य खोटं नव्हतं. पण निर्णय त्या वाक्याने झाला नव्हता, रिलीजने झाला होता. आई-बाबांना आम्ही विचारलंही नाही. तारीख सांगितली. वर एक शीट पाठवली: जेवण, मोबाईलचा वेळ, औषधं. तीन टॅब. (सवय, दुसरं काय.) बाबांनी फोनवर ‘बरं’ म्हटलं. ते सगळ्यालाच ‘बरं’ म्हणतात.

सुट्टी छान चालली होती. कैऱ्या, गच्चीवरच्या कुरडया, दुपारी आबांबरोबर पत्ते, दिवेलागणीला शुभंकरोती आणि हरिपाठ. रोज रात्री व्हिडिओ कॉल. मे महिन्याच्या मध्यावर एकदा लेक म्हणाली, “बाबा, आजी आणि मी जिना बसून उतरतो. एक एक पायरी. मज्जा येते!” मी हसलो. फोन ठेवला, लॅपटॉप उघडला, आणि दहा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला. चौसष्ट वर्षांची बाई जिना बसून का उतरते?

गुडघे सुजले होते. दिवसभर पोरीच्या मागे, तिच्यासाठी तीन वेळा वेगळं रांधणं, आंघोळ, कपडे, विहिरीकडे गेली की हाका मारत धावणं. उभं राहून उतरता येत नव्हतं म्हणून आईने नातीला सांगितलं की हा खेळ आहे. आणि मला कळू नये म्हणून माझ्याशी बोलताना कायम खुर्चीत बसून बोलायची.

मी लगेच फोन केला. “आई, सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं? तुझं ते रिलीज होतं ना.”

त्या रात्री वाचनाला आठवा स्कंधच चालू होता. योगायोग म्हणा, काही म्हणा. गदापाणी हा शब्द आला आणि मी पुढे जाऊच शकलो नाही. आईच्या हातात आम्ही नात दिली होती, आणि वर गदाही दिली होती. विरोचन गोष्टीत नाही कारण त्याने आयुष्य दान केलंय. मी गोष्टीत नव्हतो कारण माझी मीटिंग होती.

इथे एक प्रामाणिक शंका येते, आणि ती बायकोनेच काढली. प्रल्हादाचा नातू काही सहा वर्षांचा नव्हता, तो राजा होता. लहान मुलाबरोबर ‘नुसतं राहणं’ असं काही नसतंच, राहणं म्हणजेच सांभाळणं. तिचं म्हणणं बरोबर आहे. गोष्ट सांगायला, पत्ते खेळायला, हात धरून देवळात न्यायलाही कष्ट पडतातच, आणि ते कष्ट आजीला हवे असतात. पण सकाळी सातला दूध तापवण्यापासून रात्री साडेदहाला मच्छरदाणी खोचेपर्यंतची अखंड जबाबदारी, सलग सात आठवडे, ही वेगळी गोष्ट आहे. बाळ तापलं तर, पडलं तर, विहिरीत डोकावलं तर, ही धास्ती पहारेकऱ्याची असते. ती आपण घेऊ शकतो, निदान बरीचशी.

या वर्षी लेक चारच आठवडे जाणार आहे. पहिले दोन मी तिथून काम करणार, शेवटचा आठवडा बायको. नेटवर्क गच्चीवरच येतं, म्हणजे ऊन सोसावं लागेल, ठीक आहे. मधल्या आठवड्यात स्वयंपाकाला आणि वरच्या कामाला शेजारच्या काकू येतील, त्यांचे पैसे आम्ही देणार. झोपायची खोली खाली माजघरात आणली. विहिरीवर जाळी बसवून घेतली. आणि शीट पाठवणार नाही.

हे सगळं मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं, तर ती गप्प. मग म्हणाली, “म्हणजे आता मला जमत नाही, असंच ना?”

मला वाटलं होतं ती खूश होईल. तिच्या हातातली गदा मी परस्पर काढून घेत होतो, पुन्हा न विचारता. तेव्हा परत श्लोकाकडे गेलो. देव प्रल्हादाला घरी बसवत नाही. ‘आपल्या माणसांना सुख दे’ हे कामही सांगतो, मानाचं काम. मग मी आईला या वेळी खरंच विचारलं, “तुला काय काय करायचंय तिच्यासोबत? बाकीचं आम्ही बघतो.”

तिने दोन दिवस घेतले. मग यादी सांगितली. सकाळची भाकरी तीच करणार, काकू नाहीत. वेणी तीच घालणार. दुपारी झोपताना गोष्ट तिची, आबांनी मध्ये बोलायचं नाही. आणि संध्याकाळी हरिपाठाला मीही खाली यायचं, लॅपटॉप वर ठेवून.

“आणि जिना?” मी विचारलं.

“तो आम्ही बसूनच उतरणार. तिला आवडतो.”

उद्या चोविसावा अध्याय, मत्स्यावतार. थोडा मोठा आहे, वेळ काढून बसा.

राम कृष्ण हरी!