उंटपालनाच्या निरनिराळ्या रीती

उंट म्हटला की वाळवंट डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु रायपूरच्या आसपासच्या धानाच्या खाचरांतून आणि विदर्भातील पीक निघालेल्या शेतांतूनही कच्छी रबारींचे डेरे कित्येक वर्षे फिरत आले आहेत. या डेऱ्यात मुख्य धन मेंढ्यांचे. शेतात मेंढरे बसवायची आणि खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार असतो. उंटाने खाटा, भांडी, मुले आणि नुकतीच जन्मलेली कोकरे वाहायची. त्याच्या चाऱ्यावर वेगळा खर्च होत नाही. वाटेवरची बाभूळ, कडुनिंब, पिंपळ त्याला पुरतात.

खुद्द कच्छमध्ये मात्र कळप हीच मिळकत. तेथील खाराई उंट पोहत खाडीतील तिवरांच्या बेटांवर चरावयास जातात. अनेक कळप रबारींच्या मालकीचे, तर राखण फकिराणी जतांची, अशी वाटणी तेथे आढळते. सांडणी सुमारे तेरा महिने गाभण राहते आणि साधारणतः दोन वर्षांतून एकदा विते. त्यामुळे मादी राखावयाची व नर विकावयाचा, हेच उत्पन्नाचे गणित ठरते. राजस्थानातील राईकांचेही असेच होते. तेथे २०१५ च्या कायद्याने उंटांची कत्तल आणि परराज्यात विक्री यांवर निर्बंध आले. हेतू रक्षणाचा होता. पण नराचे गिऱ्हाईक गेले आणि कळप राखणे परवडेनासे झाले. देशातील उंटांची संख्या २०१२ मधील सुमारे चार लाखांवरून २०१९ मध्ये अडीच लाखांवर आली. अर्थात ही घट जुनीच आहे.

तिसरी रीत गोठ्याची. दुबईत उंटिणींचे दूध यंत्राने काढतात आणि चारा जागेवर पुरवतात. दुधाला चढा भाव असेल, तरच हा खर्च पेलतो.

जानेवारी २०२२ मध्ये कच्छहून निघालेले ५८ उंट अमरावती जिल्ह्यात पोलिसांनी ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी नेले जात असल्याची तक्रार होती. त्यांना गोरक्षण संस्थेच्या आवारात ठेवण्यात आले. गायीपुढे कडबा टाकला की भागते. उंट मात्र दिवसभर हिंडत, या झुडपाचे चार घास, त्या झाडाचे दोन, असा खातो. आवारात ते शक्य नव्हते. म्हणून रबारींनाच बाहेरून झाडपाला तोडून आणावा लागला.