ड्रायर उघडण्याआधी व्होल्टेज बघा

घरातला हूड ड्रायर केस वाळवायला वेळ लावू लागला की तो सरळ दुरुस्तीला जातो. माझाही गेला होता. परत आला तेव्हा झपाट्याने चालत होता, आणि त्या झपाट्यापायीच एका मुलीचा कान भाजता भाजता राहिला. शहापूर-मुरबाडकडे आता गावागावात घरगुती पार्लरं झाली आहेत आणि लग्नसराईत त्यातल्या प्रत्येकीकडे हा ड्रायर रात्री-अपरात्री चालू असतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझं सासर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. माहेर शहापूरचं. सासरी पुढच्या खोलीत पार्लर आहे. टेबलावर ठेवायचा, कडक टोपाचा, १००० वॅटचा ड्रायर आहे. आमच्याकडे हळदीच्या आदल्या दिवशी आणि हळदीच्या संध्याकाळी नवरी, करवल्या, जावा सगळ्या एकदम येतात. रोलर लावून खांद्यापर्यंतचे केस अर्ध्या-पाऊण तासात वाळायला हवेत. एका लग्नसराईत तेवढ्याच केसांना दीड-दोन तास लागू लागले. दुपारी काम बरं चालायचं, दिवेलागणीनंतर ड्रायर नुसता घुमत बसायचा.

मेकॅनिकने दिवसा ड्रायर तपासला. म्हणाला, ‘ताई, मशीन मध्येच बंद होतंय, तेवढं काढून टाकलंय. आता बघा कसं पळतं.’ पळतही होतं. पण एका हळदीला उशीर झाला, रात्रीचे बारा वाजून गेले, गावातल्या मोटारी आणि मांडवातले दिवे बंद झाले आणि ड्रायरखाली बसलेली मुलगी ओरडली, ‘काकू, कानाला चटका बसतोय!’ मी पिन ओढली. टोपाच्या वरच्या बाजूला प्लास्टिक मऊ पडलं होतं आणि जळका वास सुटला होता. मुलीचा कान लाल झाला, नशिबाने फोड आला नाही.

शहापूरच्या एका जुन्या वायरमनने ड्रायर उघडून दाखवला. गरम कॉइलजवळ बोटाच्या पेराएवढा कटऑफ असतो. त्याच्या आत दोन धातूंची जोडपत्री असते. हवा ठरावीक मर्यादेपेक्षा तापली की पत्री वाकते, कॉइलचा करंट तुटतो आणि थंड झाली की पुन्हा जोडला जातो. माझ्या ड्रायरमध्ये तो कटऑफ काढून दोन वायरी नुसत्या पिळून जोडल्या होत्या. कारागीर याला ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात. दुरुस्तीला दिलेल्या कुठल्याही गरम वस्तूबद्दल घेताना हा प्रश्न विचाराच, मग तो ड्रायर असो, इस्त्री असो की गिझर: काही डायरेक्ट केलंय का? केलं असेल तर ती वस्तू वापरू नका. कटऑफची किंमत फार नसते. फक्त नवा घेताना जुन्यावर छापलेलं तापमान आणि अँपिअर तेच आहे ना, एवढं बघून घ्या.

पण मुळात कटऑफ सारखा तुटत का होता? कारण मागची जाळी गच्च भरली होती. हवा ओढायच्या त्या जाळीत केस, टॉवेलचा भुगा, टाल्कम पावडर आणि आमच्या रस्त्यावरची धूळ असा नमदाच बसला होता. हवा पुरेशी आत येत नाही, कॉइलची उष्णता कोणी वाहून नेत नाही, मग कटऑफ कॉइल बंद करतो. पंखा चालूच असतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. डोक्यावर थोडा वेळ गरम, थोडा वेळ गार, पुन्हा गरम असं वारं येतं. असं गरम-गार होत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी पिन काढा, ड्रायर पूर्ण थंड होऊ द्या आणि जुन्या टूथब्रशने जाळी साफ करा. लग्नसराईत आठवड्यातून एकदा आणि एरवी महिन्यातून एकदा एवढं पुरतं. जाळी धुतली तर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. वारं सुरुवातीपासून गारच येत असेल तर कॉइल तुटली आहे किंवा एकदाच जाणारा थर्मल फ्यूज उडाला आहे. वारं गरम येतं पण नेहमीपेक्षा निम्मंच, असं असेल तर दोनपैकी एक कॉइल गेलेली असू शकते. पंखा कण्हत फिरत असेल तर त्याच्या दांड्यावर केस गुंडाळले गेलेत का, बुश कोरडा पडलाय का, ते बघावं लागतं. ही तिन्ही कामं जाणकाराची आहेत.

नवा कटऑफ बसवला, जाळी साफ झाली. माहेरी, डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) जवळच्या घरात, ड्रायर लावून वहिनीचे केस वाळवून बघितले. अर्ध्या तासात कोरडे ठणठणीत. तोच ड्रायर संध्याकाळी सासरी लावला तर पुन्हा तीच रडकथा. मशीनमध्ये दोष नाही हे तेव्हा नक्की झालं. ड्रायर हळू चालतो अशी शंका आली की तो उचलून दुसऱ्या गावातल्या किंवा निदान दुसऱ्या आळीतल्या घरात लावून बघा. एवढ्या सोप्या तपासणीने कितीतरी पैसे वाचतात.

वायरमनने मल्टिमीटर दिला. घरात वीज २३० व्होल्टची यायला हवी. संध्याकाळी ड्रायर चालू असताना प्लगवर १८०च्याही खाली दाखवत होतं आणि मध्यरात्रीनंतर २४५. इथला हिशेब समजून घ्या, कारण सगळं मर्म त्यात आहे. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज २३०वरून १८०वर आलं तर ते पावभरापेक्षाही कमी उतरलं असं वाटतं, पण १००० वॅटच्या कॉइलची उष्णता सुमारे ६१० वॅटवर येते. १६० व्होल्टवर ती निम्म्याहून कमी. उलट २४५ व्होल्टवर तीच कॉइल ११३० वॅटपर्यंत जाते. म्हणजे संध्याकाळी मरगळलेला ड्रायर रात्री जवळजवळ दुप्पट तापतो. त्याचा कटऑफ काढलेला असेल, तर ज्या बाईला संध्याकाळी तो गार वाटला तिलाच मध्यरात्री चटका बसणार.

व्होल्टेज कमी झालं की वाळण्याचा वेळ नुसता दीडपट न होता त्याहून जास्त का वाढतो, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर हवेत आहे. पूर्वी पावसाळ्यात बाळाची दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवत, तसंच हूड ड्रायरचं काम आहे: तापलेली हवा ओलावा पिते आणि बाहेर पडते. आपल्याकडे जुलैत २६ अंशांची, ९० टक्के दमट हवा असते. तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये साधारण २२ ग्रॅम पाण्याची वाफ आधीच भरलेली असते. ती हवा ५५ अंशांपर्यंत तापली तर घनमीटरला १०० ग्रॅमहून थोडी जास्त वाफ धरू शकते, म्हणजे ८० ग्रॅमच्या आसपास जागा मोकळी. व्होल्टेज उतरल्यामुळे ती ४० अंशांपर्यंतच तापली तर एकूण क्षमता ५० ग्रॅमच्या आसपास राहते आणि मोकळी जागा तीसच्या आत. तापमान पंधरा अंशांनी उतरलं आणि हवेची तहान जवळजवळ एक तृतीयांशावर आली. शिवाय पंखाही मंदावतो, म्हणजे हवाही कमी.

म्हणून पावसाळ्यात खोली बंद करून ड्रायर लावू नका. ‘पाऊस आहे, खिडकी लावून घे’ हे आपल्या तोंडात बसलेलं आहे. पण लहान खोलीत टोपातून निघालेली वाफ खोलीतच साठते आणि जाळीतून तीच पुन्हा आत ओढली जाते. खिडकी उघडी ठेवा, असेल तर एक्झॉस्ट लावा आणि ड्रायरची मागची बाजू भिंतीपासून हातभर दूर ठेवा. टोपाच्या कडेने टॉवेल खोचून ‘गरम हवा अडवायची’ सवय बऱ्याच जणींना आहे. ती मोडा. ओली हवा बाहेर पडायची वाटच बंद होते. हातातल्या ड्रायरला नळीने जोडायची कापडी टोपी वापरत असाल तर तिचं इलास्टिक कपाळाला करकचून बसू देऊ नका आणि नळीला पीळ पडू देऊ नका.

आता केसांकडे येते. केस स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी आत शोषून घेतात. त्याखेरीज दोन केसांच्या मध्ये नुसतं अडकलेलं पाणी असतं ते वेगळं, आणि ते ड्रायरचं काम नाही, पंचाचं आहे. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला १००० वॅटची सगळीच्या सगळी उष्णता कामी आली तरी चार मिनिटं लागतात. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेबरोबर निघून जाते, म्हणून वेळ त्याच्या कित्येक पट. घट्ट पिळलेल्या जुन्या सुती पंचात केस दहा मिनिटं बांधून ठेवले तर तेवढं पाणी फुकट निघतं. जुनं धोतर किंवा मऊ झालेली सुती साडी नव्या गुबगुबीत टॉवेलपेक्षा चांगली पिते. केस चोळू मात्र नका. ओला केस फुगलेला आणि नाजूक असतो, चोळला की तुटतो.

एक गोष्ट आमच्या भागातली. तानसा आणि भातसाची धरणं शहापूर तालुक्यात आहेत, मुंबईचे नळ त्या पाण्यावर वाहतात आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. हंडाभर पाण्यात केस धुणारी मुलगी कंडिशनर नीट काढू शकत नाही, आणि त्यासाठी तिला बोलायचा कुणाला अधिकारही नाही. पण तो थर राहिला की केस एकमेकांना चिकटून बटा बनतात आणि बटेच्या आत वारं शिरत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी कंडिशनर फक्त टोकांना आणि तोही नखाएवढा लावते. तेल लावलेलं असेल तर शांपूचा हात दोनदा, कंडिशनर अजिबात नाही. पाणी वाचतं आणि केस लवकर वाळतात.

रोलर जाळीचे घ्या. स्पंजचे रोलर स्वतःच पाणी धरून बसतात. एका रोलरवर त्याच्या रुंदीपेक्षा जास्त केस घेतले तर बाहेरचा पदर वाळतो आणि आतला ओला राहतो. मानेवरचे रोलर सगळ्यात शेवटी वाळतात, कारण टोप तिथपर्यंत पोचत नाही. अर्ध्या वेळाने खुर्चीची उंची बदला आणि वाळले का ते मानेवरचाच रोलर सोडून बघा. गरम केसाला हात लावून अंदाज घेऊ नका, तो फसवतो. पाच मिनिटं गार हवा फिरवा, मग चाचपा. वळणही गार झाल्यावरच टिकतं.

व्होल्टेजकडे परत येते, कारण ते सोडून बाकी सगळं केलं तरी संध्याकाळ सुटत नाही. आधी आपल्या घरातलं बघायचं. १००० वॅटचा ड्रायर सव्वाचार अँपिअरच्या वर करंट घेतो आणि १५०० वॅटचा साडेसहा. दुसऱ्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. मोबाइल चार्जरसाठी घेतलेल्या बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर ड्रायर चालवला की व्होल्टेज वायरीतच खर्च होतं. दहा मिनिटांनी पिन काढून वायर आणि पिन हाताने चाचपा, कोमट लागली तर ती वायर बदला. घरगुती इन्व्हर्टरवर ड्रायर लावायचाच नाही. स्टॅबिलायझर घ्यायचा तर निदान २ केव्हीएचा घ्या आणि किती व्होल्टपासून काम करतो ते डब्यावर वाचा. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही, कमी व्होल्टेजवर तो लाइनवरून जास्त करंट ओढतो. शेजारी चौघींनी लावले तर पाचवीचा दिवा आणखी मिणमिणेल. अर्थिंग नसेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी अर्थिंग करून घ्या. ओल्या डोक्यावर विजेचं यंत्र चालवतो आपण.

घरात सगळं ठीक असेल तर दोष बाहेर. आम्ही डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटाला. तिथे व्होल्टेज उतरणार हे खरं, पण इतकं नाही. १९१२ वर तक्रार नोंदवली, नंबर लिहून ठेवला आणि चार संध्याकाळच्या वेळा, त्या वेळचं व्होल्टेज असा कागद लाइनमनच्या हातात दिला. ‘लाइट कमी येतो’ म्हणण्यापेक्षा असा कागद जास्त काम करतो. पोलवरचा आमच्या सर्व्हिस वायरचा जॉइंट काळा पडून सैल झालेला निघाला. तो नवा केल्यावर संध्याकाळी दोनशेच्या वर मिळू लागले. त्या कामाला गावातल्या कुणा पोराला बांबू घेऊन चढवू नका. आणि कधी आपल्या घरातला दिवा मंद आणि शेजारच्या घरातला डोळे दिपवणारा झाला, तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो. अशा वेळी मेन स्विच लगेच पाडा आणि मग फोन करा.

दोनशेवर मिळणारी उष्णता पंचाहत्तर टक्के आहे, शंभर नाही. म्हणून हळदीचे केस मी आता चारच्या आत धुवायला सांगते आणि सहाच्या आत शेवटचा रोलर सोडते. ज्या घरचे ऐकत नाहीत त्यांच्या नवरीला रोलर न लावता अंबाडा घालते. पंचाने टिपलेल्या, किंचित दमट केसांचा अंबाडा छान बसतो आणि त्यावर गजरा रात्रभर ताजा राहतो.