ऋणकोची अब्रू आणि धनकोचा हक्क

हप्ता थकला की वसुलीचे लोक दारात उभे राहतात, चढ्या आवाजात बोलतात, नातेवाइकांना फोन करतात. अशा वेळी काही घरे लाजेने गप्प बसतात आणि एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढतात. काही जण संतापून कर्जच नाकारतात. शरीअतला या दोन्ही वाटा मान्य नाहीत.

घेतलेले कर्ज ही अमानत आहे. ऐपत असूनही फेडण्यास टाळाटाळ करणे हा जुलूम होय, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे (बुखारी, मुस्लिम). एका धनकोने खुद्द प्रेषितांकडे (स.) कठोर शब्दांत तगादा लावला. सहाबा (रजि.) संतप्त झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आवरले, हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे असे समजावले आणि त्याला त्याच्या उंटाहून उत्तम उंट देवविला.

परंतु या हक्कालाही सीमा आहे. सूरह अल-बकरामध्ये व्याजाच्या निषेधापाठोपाठ, 280 व्या आयतीत, तंगीत असलेल्या कर्जदाराला परिस्थिती सुधारेपर्यंत मुदत देण्याचा आदेश आहे. कर्ज माफ करणे तर त्याहून श्रेष्ठ. म्हणूनच फुकहांनी ‘फेडत नाही’ आणि ‘फेडू शकत नाही’ यांत भेद केला: पहिल्यावर काझी सक्ती करू शकतो, दुसऱ्याला मुदत मिळते. हज्जतुल विदाच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) रक्त आणि संपत्तीबरोबरच अब्रूही पवित्र ठरविली. व्याजी कर्ज घेणे हे पाप आहे, त्याबद्दल तौबा आवश्यकच आहे. पण म्हणून त्या माणसाची अब्रू कोणाला हलाल होत नाही.

आपल्या देशाचा कायदाही हाच भेद मानतो. केवळ दारिद्र्यामुळे कर्ज फेडू न शकणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या आदेशानुसार वसुली प्रतिनिधीने सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर फोन करू नये. महिला गटांना मिळणाऱ्या सूक्ष्म कर्जांसाठी ही वेळ 9 ते 6 आहे. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, कुटुंबीय व मित्रांच्या खाजगी जीवनात ढवळाढवळ यांस मनाई आहे. प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी बँकेचीच असते.

मग करावे काय? कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत (2:282) आहे. तीच शिस्त येथे उपयोगी पडते. आलेल्या माणसाचे ओळखपत्र व अधिकारपत्र पाहावे. फोनची तारीख व वेळ नोंदवावी, संदेश जपून ठेवावेत, पावतीशिवाय रोख रक्कम देऊ नये. आपली अडचण सांगून हप्ते लांबविण्याची लेखी विनंती करावी. त्रास थांबला नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. धमकी दिल्यास पोलीस ठाण्यात जावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 नुसार धाकदपटशा हा गुन्हा आहे.

आणि शेजाऱ्यांनी काय करावे? मस्जिदे नबवीत हजरत कअब बिन मालिक (रजि.) आपल्या ऋणकोकडे तगादा लावत असता आवाज चढले. प्रेषित (स.) पडदा सारून बाहेर आले. अर्धे कर्ज सोडून देण्याची त्यांनी कअबना (रजि.) खूण केली, ते राजी होताच ऋणकोला उरलेले फेडण्यास फर्माविले. एकाला सवलत, दुसऱ्याला कर्तव्य! आवाज ऐकून दार लावून घेणे ही सुन्नत नव्हे. बाहेर येऊन मध्यस्थी करणे ही सुन्नत आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत (9:60) कर्जात बुडालेल्यांचाही समावेश आहे, याचे स्मरण मोहल्ल्याच्या बैतुलमालने ठेवावे.

अल्लाह आपल्याला कर्जाच्या ओझ्यापासून आणि माणसांच्या दडपशाहीपासून वाचवो, व फेडण्याची नियत आणि ऐपत दोन्ही देवो. आमीन.